लाच घेणाऱ्याची साक्ष

लाचविरोधी कायद्याचा मसुदा आम्ही पाच जण ज्या खोलीत लिहीत होतो, त्या खोलीची मला अजून आठवण येते. करकरणारा पंखा, बोटांना लागणारी कार्बन पेपरची शाई, आणि टेबलाच्या टोकाला आमच्या अध्यक्षबाई. निवृत्त न्यायाधीश. त्यांच्यासमोर भलेभले शेपूट घालायचे. मी सगळ्यांत धाकटी, आणि असं काम मिळालं म्हणून हवेत.

हितसंबंधितांना बोलावून त्यांचं ऐकायचं ठरलं होतं. मी यादी केली. व्यापारी, वकील, कंत्राटदार, कर्मचारी संघटना. बाईंनी ती वाचून चष्मा काढला.

"सगळे सज्जनच! घेणारा कुठाय यात? त्याला विचारल्याशिवाय पळवाटा कशा कळणार?"

शिक्षा भोगून आलेल्यांची नावं मागवली. आलेल्या कागदावर तिसरं नाव माझ्या मामाचं होतं. वडील गेल्यावर आम्हा मायलेकींना त्यानेच सांभाळलं. जमीन नोंदणीच्या कचेरीत कारकून होता. पकडला गेला त्या दिवसापासून आईने त्याचं नाव टाकलं, आणि मीही ऑफिसात कधी त्याचा विषय काढला नाही. साक्षीदार नात्यातला निघाला तर मसुद्याच्या कामातून बाहेर पडायचं, असा नियम होता. मी मूग गिळून बसले. ज्याच्या खांद्यावर बसून अख्खा बाजार पाहिला, त्याला 'महोदय' म्हणून पत्र टाईप केलं. पत्राखाली तो नियमही छापलेला होता. लाज वाटली, पण केलं.

तो आला. इस्त्रीचा शर्ट, घोटून केलेली दाढी. मला पाहिलं आणि नजर सरळ बाईंकडे वळवली.

"मागावं लागत नाही हो," तो सांगू लागला. "फाईल नुसती खाली सरकवायची. माणूस चार खेपा घालतो, पाचव्यांदा स्वतःच विचारतो. कागद आला त्याच दिवशी पोच द्यायची सक्ती करा. आलेल्या क्रमानेच काम करायला लावा. मग आमच्यासारख्यांचे हात बांधले जातील."

मी भराभर लिहून घेत होते. लहानपणी मला गणित समजावून सांगायचा तोच आवाज, तसाच सावकाश. त्याचं ते पोच देण्याचं म्हणणं पुढे कायद्यात जवळजवळ तसंच आलं.

शेवटी बाईंनी ठरलेला प्रश्न विचारला, "इथल्या कुणाशी नातं, ओळख?"

"नाही," मामा म्हणाला. पापणीसुद्धा हलली नाही. माझ्यासाठी तो समितीसमोर चक्क खोटं बोलला.

"आहे," मी उठून म्हटलं. "माझे सख्खे मामा आहेत."

बाईंनी माझ्यापुढची फाईल स्वतःकडे ओढली.

"म्हणजे तुम्हीही हितसंबंधित. त्या बाजूला जाऊन बसा."

वर्षभराची मेहनत टेबलावर सोडून मी पलीकडे गेले. मामाने शेजारची खुर्ची पुढे केली.

"गाढव आहेस," तो पुटपुटला. "मी निभावून नेलं होतं ना?"

"माहितेय," मी म्हटलं, आणि कित्येक वर्षांनी त्याच्या शेजारी बसले.