सुनयनासाठी राखलेलं पाणी

मी एक छागल. जाड कॅनव्हासची, पाण्याची पिशवी. पाणी भरलं की माझं अंग ओलं होतं, आणि त्याला वारा लागला की आतलं पाणी गार होतं. मला येतं ते एवढंच.

आदिलाबादच्या बाजारातून मला जवळच्या मावला गावच्या डोमाजींनी आणलं. ते वांगी, मेथी लावायचे. मळ्यातल्या लिंबाच्या फांदीला मी टांगलेली असायची. त्यांची मुलगी सुनयना शाळेतून आली की दप्तरही न उतरवता माझं बूच काढायची आणि अर्धं पाणी फ्रॉकवर सांडायची. डोमाजी हसायचे.

पुढे ती हैदराबादला साड्यांच्या दुकानात कामाला लागली. तिथंच तिनं आपल्या पसंतीनं लग्न केलं. डोमाजी लग्नाला गेले नाहीत. तीन वर्षं तिच्याशी बोलले नाहीत. त्यांची बायको ताराबाई फोनवर लेकीशी बोलू लागली की ते उठून बाहेर यायचे. पण लांब जायचे नाहीत. दाराशीच, ऐकू येईल असे उभे राहायचे.

मग एका मे महिन्यात त्यांनी फोनच्या स्पीकरवर लेकीचं बोलणं ऐकलं, "इथलं पानी खारं लागते आई. आपल्या विहिरीचं पानी लय आठवते."

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी मला विहिरीवर काठोकाठ भरलं.

"काऊन निघालात एवढ्या उन्हात? पाऊस पडू द्या, मंग जा," ताराबाई म्हणाल्या.

"आता नाई राहवत मले. अन् तिले फोन करू नको. एकदम दारात उभा राह्यतो."

बसच्या खिडकीतून आगीसारखा वारा येत होता. गुडीहत्नूरच्या पुढे डोमाजींनी माझ्यातले दोन घोट घेतले आणि बूच घट्ट लावलं. त्यानंतर स्टँडवर पाण्याचं पाकीट विकत घेऊन प्यायले, मला हात लावला नाही.

हैदराबादेत रस्त्याचं डांबर मऊ झालं होतं. ताराबाईंनी दिलेल्या चिठ्ठीवरचा पत्ता विचारत विचारत ते दोन वाजता पोचले. तिसऱ्या मजल्यावर कुलूप होतं.

शेजारची बाई म्हणाली, "वो काम पे गई काका. अंदर बैठो ना, धूप बहुत है."

"नई बेटी, नीचे रुकता." परक्या घरात बसायचा त्यांना संकोच वाटला.

त्या बाईनं सुनयनाला फोन केला. डोमाजी खाली पायरीवर बसले. आधी तिथं सावली होती. मग ऊन फिरलं आणि थेट त्यांच्या तोंडावर आलं. त्यांनी मला मांडीवर घेतलं, माझं ओलं अंग कपाळाला लावलं, डोळ्यांना लावलं. बूच मात्र काढलं नाही. माझ्या पोटात पाणी होतं आणि त्यांचे ओठ सुकून पांढरे पडले होते. मला तोंड आहे, पण ते दुसऱ्यानं उघडावं लागतं.

थोड्या वेळानं त्यांचा हात माझ्यावरून घसरला.

सुनयना धावत आली तेव्हा ते पायरीवर आडवे झाले होते. तिनं मला ओळखलं. बूच काढून सगळं पाणी त्यांच्या डोक्यावर, छातीवर ओतलं. "बाबा! अवो बाबा, मी आली!" त्यांनी डोळे उघडले नाहीत. दवाखान्यात पोचण्याआधीच ते गेले.

ती त्यांना घेऊन मावल्याला आली. तिच्या खांद्यावर मी होते, रिकामी.

तिसऱ्या दिवशी ताराबाईंनी तिला जवळ बसवलं. "तुह्याशी काई बोलले का गं ते?"

सुनयनानं आईचा हात हातात घेतला. मग म्हणाली, "हो आई. बोलले ना. म्हणाले, कशी आहेस पोरी?"

ताराबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "बरं झालं. बोलून गेले."

आता मी त्यांच्या घरात खुंटीवर असते. कॅनव्हास विरलाय, पाणी धरत नाही. ताराबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, बाप लेकीशी बोलून गेला. मी त्या पायरीवर होते, म्हणून तुम्हाला खरं सांगितलं. तुम्ही कधी मावल्याला आलात, त्यांच्या ओट्यावर टेकलात, तर एवढं करा. त्या सांगतील ते ऐकून घ्या, आणि हो म्हणा.