खिळ्यावरची वज्री

मित्रांनो, न्हाणीघराच्या दाराआड खिळ्याला टांगलेली, हिरवट पडलेली पितळी वस्तू दिसली ना? ती मी. एक जुनी वज्री. टाचा घासून मऊ करायच्या, हा माझा जन्माचा धंदा.

एका ओतकाम करणाऱ्या कारागिराने मला साच्यात घडवले. पोटावर आडव्या-उभ्या रेघा पाडल्या आणि पाठीवर धरायला बदक बसवले. बदक दिसायला गरीब, पण पोट मात्र करवतीची धाकटी बहीण. दुकानातून मला आत्यांनी आणले. आत्या म्हणजे गल्लीतल्या इस्त्रीच्या दुकानाच्या मालकीण. साऱ्या गल्लीच्याच त्या आत्या. दिवसभर फरशीवर उभे राहून लोकांच्या कपड्यांवरच्या सुरकुत्या घालवायच्या, आणि भेगा पडायच्या आत्यांच्या टाचांना.

सुट्टीच्या दिवशी त्यांची भावजय मला हातात घ्यायची. आत्यांना वाकवत नसे. मी तळव्याला लागले रे लागले, की आत्या पाय ओढून घ्यायच्या.

"अगं वहिनी, सोड. हसून हसून जीव जाईल माझा."

"वन्सं, लाथ लागली मला. पाय आहे की घोडा?"

असे हसणे चालायचे आणि टाचा लोण्यासारख्या व्हायच्या. "वज्री असावी तर अशी," असे माझे कौतुक व्हायचे. माझे ते दिवस सोन्याचे होते.

पुढे आत्यांना मधुमेह झाला. गोळ्या सुरू झाल्या, चहातली साखर गेली. कातडी कोरडी पडू लागली, पोटऱ्या खाजू लागल्या. टाचा तर दगडच झाल्या. मला आता जास्त जोर लावावा लागे. पण पाय जागचा हलत नसे. आत्या मजेत गप्पा मारत बसायच्या.

"बघ वहिनी, गुदगुल्यासुद्धा होत नाहीत. विंचू चावला तर विंचूच मरेल."

दोघींना त्याचे अप्रूप वाटे. मला मात्र चुकल्याचुकल्यासारखे व्हायचे. घासताना पायाकडून काहीच उत्तर येत नव्हते. पण पितळेला बोलता कुठे येते?

एके दिवशी आत्या एका गिऱ्हाइकाची नक्कल करत होत्या आणि वहिनींचा हात एकदम थांबला. घमेल्यातले पाणी तांबूस झाले होते.

"वन्सं, दुखत नाही तुम्हाला?"

"काय दुखायचंय?"

वहिनींनी पदराने टाच दाबून धरली आणि आत्यांच्या भावाला रिक्षा आणायला सांगितले.

दवाखान्यात काय झाले ते मी त्यांच्याच तोंडून ऐकले. डॉक्टरीणबाईंनी विचारले, "गुदगुल्या केव्हापासून होत नाहीत?"

"बरेच दिवस झाले. मला वाटलं, पायांना शहाणपण आलं."

"शहाणपण डोक्यात येतं, आत्या. पायात आलाय तो बधिरपणा. जखम आत शिरली, तर पाय वाचवणं अवघड होईल."

मग आत्या पाय स्टुलावर ठेवून घरी बसल्या. दुकान भावाने सांभाळले आणि दोन सदऱ्यांच्या कॉलरी जाळल्या. एरवी आत्यांनी त्याला धारेवर धरले असते. आता त्या फक्त म्हणाल्या, "लोकांचे कपडे जपता जपता देवानं दिलेला कातडीचा कपडा जपायचा राहिला, वहिनी. हा काही बदलून मिळत नाही."

जखम हळूहळू भरली. पाय वाचला. मी मात्र खिळ्यावर गेले ती गेलेच. खालची कामे मी वरून बघत राहिले. वहिनी पाण्यात कोपर घालून ते कोमटच आहे ना ते पाहायच्या. पाय धुऊन बोटांच्या बेचक्यांतूनही टिपून घ्यायच्या. टाचांना, पोटऱ्यांना मलम लावायच्या, बेचक्या तेवढ्या कोरड्या ठेवायच्या. आणि रोज तळवा उजेडात धरून बघायच्या. मला फार वाईट वाटायचे. आपण आता अडगळ झालो, असे वाटायचे.

मग एकदा शेजारची सून आली. "आत्या, तुमची वज्री द्या ना. मामंजींच्या टाचा फार कडक झाल्यात. साखर वाढल्यापासून तर जास्तच."

"दुकान माग, देईन. ही नाही."

"इतकी जीव की प्राण आहे होय?"

"चेष्टा राहू दे. चल, आधी त्यांचे पाय बघू." आत्यांनी घरातल्या चपला काढून बाहेरच्या घातल्या. त्या आता कुठेच अनवाणी जात नाहीत.

परतल्या तेव्हा वहिनींना म्हणाल्या, "करंगळीखाली फोड आहे, चांगला बोराएवढा. म्हातारबाबांना पत्ताच नाही. पाठवलं डॉक्टरीणबाईंकडे."

मित्रांनो, तुमच्या घरी कोणाला मधुमेह असेल, तर त्यांचे तळवे रोज बघा. स्वतःचे त्यांना नीट दिसत नाहीत, आणि लागलेले कधी कधी कळतही नाही. कडक कातडी घासू नका, कापू नका, ती डॉक्टरांना दाखवा. ओरखडा दिसला तरी उद्यावर ढकलू नका. आणि माझी कीव करू नका. शेजारची सून मागायला आली त्या दिवशी मला कोणी हात लावला नाही, पण माझ्यामुळे तो फोड सापडला, आणि माझ्या हातून याहून चांगले काम आजवर झालेले नाही.