मेजर विठूतात्यांच्या पडवीत रडतो

आंब्याची पेटी रत्नागिरीहून मुंबईला जाते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. शहाऐंशीच्या मार्चात मात्र एक पेटी उलटी आली. हातखंब्याला एसटीच्या टपावरून उतरली तेव्हा तिच्या फळ्यांतून दोन लांब कान लोंबत होते.

पेटीत मेजर होता. यमुनाबाईंचा लवू मुंबईत ज्या पारशी साहेबाची गाडी चालवायचा, तो साहेब कॅनडाला गेला आणि आपला बीगल कुत्रा लवूच्या गळ्यात मारून गेला. लवूने तो स्वतः आणून आईच्या गळ्यात मारला.

"आये, दोनच वेळा खायला घालायचं. कान रोज पुसायचे. आणि तो उपाशी असल्याचं तोंड करील, त्याच्यावर भरवसा ठेवायचा नाय."

"तुझ्या बापाची आठवण झाली," यमुनाबाई म्हणाल्या.

मेजरने ते तोंड वाडीतल्या बारा घरी केलं. बाराही घरांनी भाकरी घातली, वर यमुनाबाईंना कंजूष ठरवलं. महिनाभरात तो पिंपासारखा झाला. पण नवरा गेल्यापासून सात वर्षं एकट्या जेवणाऱ्या यमुनाबाईंच्या समोर आता कुणीतरी बसत होतं, घास मोजत होतं. त्यांना हे फार आवडलं.

भानगड झाली ती रडण्याची. वास सापडला की मेजर मान वर करून लांबलचक गळा काढायचा. आणि महिनाभर रोज दुपारी तो गळा काढायला जायचा तो नेमका विठूतात्यांच्या पडवीत.

विठूतात्या म्हणजे वाडीचे गावकर, पहिल्या मानाचे, वय सत्तर. कुत्रा दारात रडतो म्हणजे यमाची चिठ्ठी आली, हे त्यांनी तिसऱ्या दिवशीच ओळखलं. दहाव्या दिवशी त्यांनी पडवीतल्या बाजेवर अंथरूण धरलं. अठ्ठाविसाव्या दिवशी मुलाला तार केली. मरण तरीही येईना, तेव्हा त्यांनी हुकूम सोडला, कुत्रा सोमवारच्या गाडीने परत. त्याच पेटीतून.

रविवारी यमुनाबाईंनी मेजरला दोरी बांधली आणि रदबदलीला गेल्या. विठूतात्या बाजेवर निपचित. उशाशी बायको, गंगुबाई, वारा घालत होती.

"तात्या, मुका जीव हाय. पाया पडायला आणलाय."

"यमुने, माझी वेळ भरली गो. ह्याचा काय दोष? पण तो जाऊ दे. शांतपणे मरू दे मला."

मेजर पाया पडला नाही. त्याने नाक वर केलं, दोरीला हिसका दिला, बाजेवर उडी मारली आणि मरणाऱ्याच्या पोटावर मागचे पाय रोवून उभा राहिला. वर खुंटीला छत्री लटकत होती. तिचं टोक तोंडात धरून त्याने ओढलं. छत्री खाली आली, तिचा पट्टा सुटला आणि विठूतात्यांच्या छातीवर चार खारे बांगडे पडले.

मरणारा माणूस ताडकन उठून बसला.

गंगुबाईंचा पंखा थांबला. रत्नागिरीच्या डॉक्टरने मीठ बंद केल्यापासून दीड महिना ही बाई नवऱ्यासाठी अळणी पेज रांधत होती, आणि अळणीच खात होती.

"पावसाळ्यापर्यंत छत्री कोण उघडतंय, काय?" त्या शांतपणे म्हणाल्या.

"अगो, वासालाच ठेवलेले."

"चार ठेवलेले की आठ?"

तात्यांनी छताकडे पाहिलं. त्या अवधीत मेजरने एक बांगडा मुंडक्यासकट गिळला. यमुनाबाईंनी दोरी आवरली आणि भीतभीत विचारलं, "मग उद्याची गाडी?"

"गाडीत ह्यांना घाला," गंगुबाई म्हणाल्या. "कुत्रा ऱ्हातो. रोज दुपारी माझ्याकडे पाठवायचा. फणसाच्या ढोलीपासून न्हाणीपर्यंत सगळं हुंगून जाऊ दे. आणि तुम्ही हो, उद्यापासून त्याला वरच्या कातळावर, सड्यावर फिरवून आणायचा. दोघांचीही पोटं बघा."

तार मिळून मुंबईहून धावत आलेल्या मुलाला बाप सड्यावर भेटला. कुत्र्यामागे पळत होता, धापा टाकत होता आणि चांगलाच जिवंत होता.

त्या संध्याकाळी यमुनाबाईंनी आंब्याची पेटी फोडून चुलीत घातली. तिच्यावर पाणी कोमट केलं आणि मेजरचे कान पुसायला बसल्या. मेजरने उपाशी असल्याचं तोंड केलं.

"भरवसा नाय," त्या म्हणाल्या, आणि आपल्या भाकरीतला चतकोर त्याच्यापुढे सरकवला.