चिठ्ठ्यांची बरणी

मित्रांनो, मला बघून लगेच विश्वास ठेवू नका. मी एक जुनी काचेची बरणी आहे. माझ्या आरपार दिसते, म्हणून लोकांना वाटते की माझ्यात काही लपत नाही. मला तसे वाटत नाही. माझ्यात काय पडले ते दिसते. पडण्याआधी ते कोणाच्या हातात होते, ते कुठे दिसते?

माझा जन्म काचेच्या कारखान्यात, भट्टीच्या धगीत झाला. तिथून मी वसईत, होळी नावाच्या बाजाराच्या पुढच्या एका खाडीकाठच्या गावी, इझाबेलबाईंच्या दुकानात आले. माझ्या पोटात लिमलेटच्या गोळ्या असत. इझाबेलबाई मला रोज पुसत. मुले गोळी घ्यायला आली की बाईंची नजर मुलांच्या बोटांवर असे. संशय घ्यायला मी त्यांच्याकडूनच शिकले.

१९९७ साली गावात ग्रामपंचायतीची निवडणूक आली. पंचायतीत बायकांसाठी जागा राखीव ठेवायच्या, असा कायदा झाला होता. बाकीच्या राखीव जागा ठरल्या होत्या. गावाच्या चार वॉर्डांपैकी एकातली जागा तेवढी सोडतीने, म्हणजे चिठ्ठी काढून ठरायची होती. मागच्या खेपेलाही अशीच सोडत झाली होती. तेव्हा चिठ्ठ्या बंद खोलीत पत्र्याच्या डब्यात भरल्या होत्या. खाडीकडचा वॉर्ड तीन तेव्हा राखीव होण्यापासून सुटला. तिथले सदस्य काळूराम यांनी मात्र आदल्या दिवशीच पारावर सांगितले होते, "आपला वॉर्ड खुलाच राहनार."

त्या वॉर्डात सत्यवती राहत असे. भातशेती करणारी, चाळिशीची बाई. तिच्या आळीतल्या विहिरींचे पाणी खारे. नळ काळूरामांच्या फाटकापाशी येऊन थांबलेला. ग्रामसभेत ती पाण्यासाठी उभी राहिली, तर काळूराम म्हणाले होते, "घरच्या मानसाला पाठव, त्याच्याशी बोलतो." ते तिच्या मनात सलत होते.

सोडतीच्या सकाळी ती दुकानात आली.

"बाय, तुझी ही बरनी दे. आज चिठ्ठ्या हिच्यात टाकायच्या."

"फुटली तर?" इझाबेलबाईंनी विचारले.

"नवी देईन. पन त्या डब्यात काय असतं, त्ये आजवर कोनी बघितलंय का?"

इझाबेलबाईंनी गोळ्या परातीत ओतल्या, मला पुसले, आणि दुकान बंद करून स्वतःच मला उचलून निघाल्या. माझ्यावरचा हात त्यांनी वाटभर काढला नाही. सत्यवतीवरही त्यांचा पुरता विश्वास नसावा.

पंचायतीची खोली भरली होती. सोडतीसाठी आलेल्या साहेबांनी बरणी चालेल असे सांगितले. कारकुनाने आतल्या खोलीतून घडी घातलेल्या चिठ्ठ्या ताटलीत आणल्या आणि एकेक माझ्यात टाकल्या. सगळ्या सारख्याच दिसत होत्या. लोक माना डोलावू लागले. काच पाहूनच त्यांचे समाधान झाले होते. मला त्या समाधानाची भीती वाटली.

"साहेब, उघडून दाखवा," सत्यवती म्हणाली.

काळूराम उठले. "साहेबांवर संशय घेतेस? लाज नाय वाटत?"

"संशय नाय घेत. बघायचं म्हनते."

साहेबांचा चेहरा उतरला, पण त्यांनी मला उलटे केले. चिठ्ठ्या उघडल्या. वॉर्ड चार. वॉर्ड एक. वॉर्ड दोन. आणि पुन्हा वॉर्ड एक.

तीनची चिठ्ठी नव्हतीच.

"घाईत चूक झाली," कारकून पुटपुटला. मित्रांनो, मी त्याच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर होते. त्याला घाम फुटला होता. पण घाम चुकीनेही फुटतो. ती चूक होती की आणखी काही, ते मला आजही सांगता येणार नाही.

साहेबांनी सगळ्यांसमोर नव्या चिठ्ठ्या लिहिल्या. काढायची कोणी? गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या यमुनाआजींना पुढे बसवले. काचेतून अक्षर दिसेल म्हणून त्यांनी आपणहून पदर डोळ्यांवर ओढला. सुरकुतलेली बोटे माझ्यात चाचपडली. चिठ्ठी वर आली.

वॉर्ड दोन.

एवढा वाद घालून सत्यवतीचा वॉर्ड पुन्हा सुटलाच. काळूराम मोठ्याने हसले. "झालं समाधान?"

मग तिने साहेबांना विचारले, "खुली जागा म्हंजे ती काय बाप्यांसाठी राखीव असते?"

"नाही, बाई. खुल्या जागेवर कोणीही उभे राहू शकते."

"बाईबी?"

"बाईसुद्धा."

हे त्या खोलीत कोणालाच ठाऊक नव्हते, की ठाऊक असून कोणी सांगितले नव्हते? मला दुसरे जास्त खरे वाटते.

सत्यवती काळूरामांविरुद्ध उभी राहिली. मी पुन्हा दुकानात आले होते; तिथे येणारी माणसे तिच्याबद्दल कुजबुजत. तिला कोणीतरी फूस लावली आहे, ती पाण्याचे नाव सांगून स्वतःचे बघणार. इझाबेलबाई ऐकून घेत आणि मला पुसत राहत. निकाल लागला. सत्यवती थोडक्या मतांनी निवडून आली. काळूरामांनी फेरमोजणी मागितली. तिचे लोक चिडले, पण ती म्हणाली, "मोजू दे. मलाबी बघायचंय." फेरमोजणीतही तीच आली. वर्षभरात नळ आळीत पोहोचला.

मग माझे कौतुक सुरू झाले. इझाबेलबाईंनी मला पंचायतीला देऊन टाकले. कपाटावर माझी जागा ठरली. पाहुण्यांना मी दाखवली जाई. पुढच्या पाच वर्षांत भाताच्या खाचरांवर इमारती उठल्या, मुंबईला नोकरीला जाणारी कुटुंबे राहायला आली. गावाला त्यांचा संशय, त्यांना गावाचा.

२००२ च्या सोडतीला सत्यवती पुढच्या खुर्चीवर बसली होती. चिठ्ठ्या माझ्यात पडल्या. तोच नव्या इमारतीत राहायला आलेल्या विनयाताई उठल्या. "सगळ्या उघडून दाखवता का?"

सत्यवतीचा चेहरा पडला. "ही बरनी मी आनलेली. मी चोर वाटते काय तुला?"

"नाही हो काकी," विनयाताई शांतपणे म्हणाल्या. "तुम्ही विचारलंत, तेव्हा साहेब तरी चोर होते का?"

मला वाटले, आता सत्यवती काळूरामांसारखी ओरडणार. पण ती खुर्चीवरून उठली, तिने स्वतःच्या हातांनी मला उलटे केले आणि एकेक चिठ्ठी उघडून विनयाताईंच्या हातात दिली. सगळ्या बरोबर होत्या. कोणी माफी मागितली नाही. दुखावलेली सत्यवती घरी जाईपर्यंत विनयाताईंशी बोलली नाही. पण तिने चिठ्ठ्या दाखवल्या, मित्रांनो. तेवढे पुरे होते.

आता मी कपाटामागे पडून आहे. माझ्यात सुकलेली पेने आणि गंजक्या टाचण्या आहेत. अंगावर इतकी धूळ बसली आहे की आतले काही दिसत नाही. काच आहे म्हणून मी आपोआप स्वच्छ राहत नाही. कोणीतरी पुसावे लागते. तुम्ही मोठे व्हाल, मत द्यायला, सभेला याल. तेव्हा हातात एक फडका घेऊन या. मला पुसा, आत डोकावून बघा, आणि जे दिसणार नाही, ते विचारा. ज्याला राग येईल, त्याला येऊ द्या.