यीस्टची एकादशी

मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. घरी सासूबाई मला उरलेलं सगळं शिकवतात. कॉलेजात सारखी वीज जाते म्हणून मी यीस्टची बरणी घरी आणली आणि त्यांना बजावलं, "आई, यीस्टमध्ये, अगदी जिवाणूंमध्येसुद्धा, सर्टुइन नावाच्या प्रथिनांचं एक घराणं असतं. खायला कमी मिळालं की ती कारभार हाती घेतात, पेशीची उधळपट्टी थांबवतात. मग पेशी जास्त जगते. म्हणून यांना उपाशी ठेवलंय. काही घालायचं नाही!"

"म्हणजे उपवासच की. आम्ही जन्मभर करतोय."

मलाही चेव आला. एकादशीला मी नुसत्या पाण्यावर राहिले. संध्याकाळी कॉलेजातून आले, तर बरणी उतू जाऊन ओटाभर फेस, आणि स्वयंपाकघराला दिंडोरीच्या वायनरीचा वास.

"आई! काय घातलंत यात?"

"केळ्याची शिकरण. ओरडतेस कशाला? उपवासाला चालते!"

त्यांच्या ताटात साबुदाण्याची खिचडी होती, रताळ्याचा कीस होता, वर दाण्याची आमटी. मी भांडायला तोंड उघडलं.

"शिकरण उरलीय का?"