अंगठ्याची साक्ष

आरसेकाका गाडीला गाल लावायचे. पॉलिशचं मशीन बंद करायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे आणि वाकून बॉनेटवर उजवा गाल टेकवून दोन क्षण थांबायचे. समोरच्या टायरवाल्याला हे दिसलं की त्याचा दिवस सार्थकी लागे.

"काका, काकूंना कळलं तर घरात घेणार नाहीत हं!"

"तुझी काकूच म्हणते, त्या निमित्ताने रोज दाढी तरी होते."

त्यांनी हात फिरवलेल्या गाडीत बघून भांग पाडता येतो, म्हणून गल्लीने त्यांना आरसेकाका केलं होतं. गाल लावण्याचं त्यांनी सगळ्यांना सांगितलेलं कारण खरं होतं: रंग किती तापलाय ते बघायचं. मशीनचा पॅड मिनिटाला हजार-दीड हजार फेरे घेतो आणि घासण्याची उष्णता पत्र्यात उतरते. रंगावरचा पारदर्शक थर केसाहूनही पातळ असतो. पॅड एका जागी जरा रेंगाळला, कडेवर जरा जास्त दाबला गेला, की तो थर संपतो. एकदा संपला की परत पॉलिश करून येत नाही.

पण तीस वर्षं हे काम त्यांनी बोटांनीच केलं होतं. गालाची पाळी गेल्या हिवाळ्यात आली, आणि ते कारण त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

आधी नुसत्या मुंग्या येत. मग गारठ्याच्या सकाळी बोटांची टोकं खडूसारखी पांढरी पडू लागली. इतकी वर्षं मशीनचा थरथराट हातांत मुरत गेला होता, त्याने शेवटी नसांना गाठलं. उजवा अंगठा आणि शेजारची दोन बोटं हळूहळू मुकी झाली. आरसेकाकांनी शर्ट सोडून टी-शर्ट घालायला सुरुवात केली, कारण गुंड्या लागेनात. "उकडतं फार," असं घरी सांगितलं. काकूंनी पंखा वाढवून दिला.

वर्कशॉप आता मुलगा चालवायचा. ठोकाठोकी आणि रंगकाम त्याच्याकडे, पॉलिश काकांकडे. काकांच्या हाताखाली त्यांची सून होती. ऑफिसातली खुर्ची सोडून ती दोन वर्षांपूर्वी इथे आली, तेव्हा टायरवाला म्हणाला होता, "महिनाभर टिकेल." पहिलं वर्ष तिने गाड्या धुतल्या, कडांना कागदी टेप लावली आणि भंगारातल्या दरवाजांवर मशीन धरायला शिकली. मागच्या महिन्यात काकांनी तिला पहिल्यांदा गिऱ्हाइकाच्या गाडीचा दरवाजा दिला. तो संपवून ती चहा न पिता नुसती त्याच्यासमोर उभी राहिली होती.

त्या सकाळी एक काळी गाडी आली होती. काळ्या रंगावर सगळं दिसतं. उन्हात बॉनेटभर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे चमकत होते. सुनेने कडांवर टेप लावली. काकांनी अर्ध्या बॉनेटवर मशीन फिरवलं आणि पॅड बदलायला थांबले. पॅड बदलताना प्लग काढायचाच, हा नियम त्यांचाच; सुनेने तो काढला तसं मशीन थांबलं. त्यांनी जुना पॅड सोलून काढला, नवा बसवला, मशीन ट्रॉलीवर ठेवलं. मग नेहमीसारखा, न बघता, बटणावरून अंगठा फिरवला. बटण दाबलेलंच राहावं म्हणून अडकवायची एक छोटी कळ असते, ती सुटलेली आहे ना ते बघण्यासाठी. सुटलेली आहे, असं अंगठा म्हणाला.

"लाव."

सुनेने प्लग लावला.

मशीन ट्रॉलीवरून उडालं. जमिनीवर आदळून स्वतःभोवती गरगरलं, वायर चाबकासारखी फिरवत पाण्याच्या बादलीवर धडकलं आणि सुनेच्या पायांकडे वळलं. तिने भिंतीला पाठ चिकटवून हात लांब केला आणि बोर्डावरचं बटण बंद केलं. पॅड तिच्या चपलेपासून वीतभर अंतरावर थांबला. पाणी मशीनच्या दिशेने पसरत होतं.

आवाज ऐकून मुलगा धावत आला. त्याने आधी तिचे पाय बघितले, मग मशीन, आणि मग भीतीने पांढरा पडून ओरडायला लागला.

"कळ अडकलेली आहे! प्लग लावण्याआधी बघायचं असतं एवढंही कळत नाही? पाय गेला असता!"

"चुकलं माझं," ती म्हणाली. "बघायला हवं होतं मी."

"ते काही नाही. आजपासून तू मशीनला हात लावायचा नाहीस. पुढे काउंटरवर बस, फोन घे."

"अहो, पण..."

"पण नाही."

ती खाली मान घालून अंगावरचा एप्रन सोडू लागली. गाठ घट्ट बसली होती.

आरसेकाका बघत राहिले. गप्प बसणं किती सोपं होतं! पोरं चिडतात, आठवड्याने शांत होतात, आपण मध्ये पडून समजूत घालू. असं त्यांच्या मनात अगदी व्यवस्थित जुळून आलं. तेवढ्यात सुनेने गाठीचा नाद सोडला आणि टेपचं रीळ उचलून जागेवर ठेवलं, त्याचं टोक नीट दुमडून, त्यांनीच शिकवलं होतं तसं.

"तिला काय बोलतोस?" काका म्हणाले. "कळ मी बघितली होती. मी लाव म्हणालो, तिने लावला."

"बाबा, तुम्ही तिला पाठीशी घालू नका. तुम्ही बघितल्यावर कळ अडकलेली कशी राहील? तीस वर्षांत कधी राहिली नाही."

"बोटंच मुकी झालीत रे माझी." ते उकिडवे बसले, बादली सरळ केली, कारण उभं राहून पुढचं बोलणं जमलं नसतं. "अंगठ्याला काही कळत नाही. हिवाळ्यापासून."

मुलाला एकदम काही समजलं नाही. सुनेला समजलं.

"म्हणून गाल," ती म्हणाली. "आणि ते टी-शर्ट."

मुलगा ओल्या फरशीवर तसाच त्यांच्यासमोर बसला. त्याची नजर त्यांच्या हातांवर होती. मग बायकोकडे न बघता म्हणाला, "एप्रन राहू दे."

"राहू दे काय? सोडलाच कुठे मी!" ती म्हणाली आणि खिशातलं पेन काढून सासऱ्यांच्या शेजारी बसली. "बाबा, डॉक्टरांकडे आजच जायचंय. पण त्यांना नीट सांगता यायला हवं, कुठे कळतं आणि कुठे नाही. हात द्या. डोळे मिटा."

"लहान पोर आहे का मी?"

"मिटा म्हणते ना."

त्यांनी डोळे मिटले. उजवा हात पुढे केला.

"करंगळी?"

"कळतंय. टोचू नकोस एवढं."

"तिच्या शेजारचं?"

"कळतंय."

मग बराच वेळ काहीच झालं नाही. काका वाट बघत राहिले.

"अगं, थांबलीस का? अंगठ्याला लाव की."

सुनेने पेन हलवलं नाही. मुलाने बापाचं मनगट दोन्ही हातांत धरलं.

"लावलंय, बाबा," ती म्हणाली.