रजनीचा तिसरा नंबर

सहामाहीचं प्रगतिपुस्तक रजनीनं आधी वडिलांच्या हातात दिलं. माझ्याकडे आलं असतं तर मी एकेका विषयावर बोट ठेवून विचारत बसले असते, हे तिला ठाऊक होतं. इतिहासात पन्नासपैकी त्रेचाळीस, विज्ञानात एक्केचाळीस, गणितात छत्तीस. वर्गात तिसरी. खाली हिंदीत शेरा होता: परिश्रमी बालिका. यांनी उभ्याउभ्याच पालकाच्या रकान्यात सही केली आणि कचेरीत जाताना शेजारच्या भागाबाईंनाही नंबर सांगून गेले.

नवं राज्य होऊन सव्वा वर्ष झालं होतं. नागपूर-अमरावती तिकडं मराठी मुलखात गेली, बुऱ्हाणपूर इकडं हिंदी राज्यात राहिलं. रजनी पाचवीपर्यंत मराठीत शिकलेली. सहावीला मुलींच्या शाळेत दोन तुकड्या होत्या, अ हिंदीची आणि ब मराठीची. हे म्हणाले, ब मध्ये शिकून पोरगी पुढं जाणार कुठं? मी इंटरपर्यंत कॉलेजात शिकलेली, मलाही ते पटलं. अर्ज मीच भरला.

तिची हिंदी भाजीवालीशी घासाघीस करण्यापुरती. पुस्तकातली हिंदी निराळी. पण अक्षरं आपलीच, त्यामुळे ती धडाधड वाचायची, आणि इतकं सरळ वाचणाऱ्या मुलीला काही कळत नसेल अशी शंका कुणाला येणार? पहिल्या चाचणीत मार्क कमी पडले तेव्हा मी धड्याखालच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं वहीत लिहून दिली. म्हटलं, जसंच्या तसं म्हण. रोज संध्याकाळी मी पोळ्या लाटायचे आणि ती चुलीपाशी बसून म्हणायची. परीक्षेत धड्याखालचेच प्रश्न पडायचे. मार्क चढत गेले.

संक्रांतीनंतर एकदा ती पाण्याची वाफ होण्याचा धडा म्हणत होती. मी सहज मराठीत विचारलं, दोरीवरचं लुगडं वाळतं, त्यातलं पाणी जातं कुठं गं? तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली. मी थांबवलं.

"मला मधून येत नाही," ती म्हणाली. "पहिल्यापासून म्हणू दे ना."

"अर्थ सांग आधी."

"अर्थ विचारत नाहीत, आई."

तव्यावरची पोळी करपली. मी गणिताचं पुस्तक काढलं, हौद आणि दोन नळांचं उदाहरण घेतलं आणि आकडे बदलून दिले. उत्तर जुनंच आलं. पुढचा आठवडाभर मी तिच्यावर नजर ठेवून होते. वेणीचं टोक ती दातांनी कुरतडायची. पण पाचवीचं जुनं मराठी पुस्तक उघडलं की एकटीच हसायची, मध्येच मला गोष्ट सांगायची. म्हणजे पोर मंद नव्हती. मी तिला मंद करत होते.

यांना सांगितलं तर म्हणाले, "तिसरी आलेल्या पोरीत खोट काढणारी आई आजच पाहिली." आणि वर्तमानपत्र पुन्हा तोंडासमोर धरलं.

मी शाळेत गेले. वर्गशिक्षिका मालती बहनजी मराठीच, पण वर्गात त्यांना हिंदीत शिकवावं लागे. मी सगळं सांगितल्यावर त्यांनी दाराकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला. म्हणाल्या, धड्याबाहेरचा प्रश्न घातला तर अर्धा वर्ग नापास होईल आणि मग मलाच जाब विचारतील. मग म्हणाल्या, "आणि खरं सांगू का शारदाबाई? मी पण आदल्या दिवशी पाठ करून येते."

तुकडी बदलून द्या, एवढंच मी म्हणत राहिले. नापास मुलीलाच ब मध्ये पाठवतात, पास झालेलीला कोण पाठवणार, असं म्हणत त्यांनी मला मोठ्या बहनजींकडे, म्हणजे मुख्याध्यापिकेकडे नेलं.

मोठ्या बहनजी जबलपूरकडच्या. प्रगतिपुस्तक त्यांनी दोनदा चाळलं. आयांना मार्क वाढवून मागताना त्यांनी पाहिलं होतं, कमी करून मागणारी पहिलीच आली असावी. नुसत्या माझ्या शब्दावर शाळेचा निकाल बदलणार नाही, असं त्या म्हणाल्या. त्यांनी रजनीला वर्गातून बोलावून घेतलं आणि खुर्चीत मागं टेकल्या.

"आप ही पूछिए."

माझी पोर हसऱ्या तोंडानं आत आली होती. तिला वाटलं, कौतुकासाठी बोलावलंय. मी इतिहासाचा प्रश्न विचारला. तिनं हात मागं बांधून पूर्ण उत्तर म्हटलं, एक शब्द न चुकता. मोठ्या बहनजी मान डोलावत होत्या. तिथंच थांबावं असं वाटलं मला. तरी मी विचारलं, यातलं तुला काय कळलं? मराठीत सांगितलंस तरी चालेल.

ती पहिल्यापासून म्हणायला लागली. मी नको म्हटलं. मग ती मालती बहनजींकडे बघायला लागली, आणि त्या जमिनीकडे.

"तूच म्हणालीस जसंच्या तसं म्हण," रजनी मला म्हणाली. कानापर्यंत लाल झाली होती. "तूच लिहून दिलंस."

मग मोठ्या बहनजींनी नियम सांगितला. आजपासूनच ब मध्ये बसवता येईल. पण अ तुकडीतले गुण तिथं धरत नाहीत, म्हणजे हे वर्ष गेलं. जुलैत पुन्हा सहावी. पालकांनी लिहून द्यावं.

"वडिलांनी?"

"पालक," त्या म्हणाल्या आणि कागद माझ्यापुढं सरकवला.

यांना संध्याकाळी काय सांगायचं, हे मनात जुळवायला गेले आणि एक वाक्यही जुळलं नाही. मी लिहून दिलं. खाली सही केली. मोठ्या बहनजींनी तांबड्या शाईनं सहामाहीच्या रकान्यावर आडवी रेघ मारली. क्रमांकावरूनही तीच रेघ गेली.

बाहेर व्हरांड्यात रजनी माझ्यापासून दोन हात लांब उभी राहिली.

"मी बरोबर म्हटलं होतं ना सगळं?"

"हो," मी म्हटलं. "एकही चूक नव्हती."

मी तिच्याबरोबर अ तुकडीच्या दारापर्यंत निघाले, तर म्हणाली, तू येऊ नको. पुढच्या बाकावरचं दप्तर आणायला ती एकटीच आत गेली.